सात भाऊ, एक बहीण आणि ड्रॅक्युला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही काही मित्रमंडळी कोथरूडमधल्या एका छोट्या सभागृहात जुने सिनेमे बघतो आणि नंतर चहा घेत बोलत बसतो. ‘द लेजंड ऑफ द सेव्हन गोल्डन व्हॅम्पायर्स’ हा १९७४ चा सिनेमा दाखवला त्या दिवशी चहा संपला, पण बोलणं संपेना. आधी जिन्यात, मग पार्किंगमध्ये आणि पुढचे आठ दिवस फोनवर तेच ते प्रश्न येत राहिले. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून घ्या, कारण पुढे शेवट उघड केला आहे.

हा सिनेमा नक्की कोणाचा? इंग्रजांचा की चिन्यांचा?

दोघांचा. इंग्लंडची हॅमर ही भयपटांची कंपनी. १९५८ पासून तिने ड्रॅक्युलावर एकामागून एक सिनेमे काढले होते आणि सत्तरीच्या दशकात तिचा प्रेक्षक ओसरत चालला होता. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सचं नेमकं उलट. क्लिअर वॉटर बे इथल्या त्यांच्या अवाढव्य स्टुडिओतून कुंग फूचे सिनेमे धडाधड बाहेर पडत होते. २० जुलै १९७३ ला ब्रूस ली गेला आणि त्याच वर्षी त्याच्या सिनेमानं पाश्चात्य जगात कुंग फूची लाट आणली. त्या लाटेत या दोन कंपन्यांनी हातमिळवणी केली. चित्रीकरण हाँगकाँगला झालं. दिग्दर्शक म्हणून नाव लागलं रॉय वॉर्ड बेकर यांचं. काही भाग चांग चे यांनी दिग्दर्शित केला. हाणामारीच्या सिनेमातलं हाँगकाँगमधलं हे फार मोठं नाव, पण श्रेयनामावलीत ते नाही. पडद्यावर कोण दिसतं याची चर्चा आपण नेहमी करतो. नाव कोणाचं लागलं, तेही त्याच चर्चेत यायला हवं.

गोष्ट थोडक्यात सांगाल का?

१८०४ साली काह नावाचा एक चिनी पुजारी ट्रान्सिल्व्हेनियात ड्रॅक्युलाकडे येतो. त्याच्या गावच्या सात सोनेरी व्हॅम्पायरांची ताकद संपत आली आहे, त्यांना पुन्हा उठवायचं आहे. ड्रॅक्युला काहचंच शरीर बळकावतो आणि त्या रूपात चीनला जातो. मग शंभर वर्षांनी, १९०४ मध्ये, ड्रॅक्युलाचा जुना शत्रू प्रोफेसर व्हॅन हेल्सिंग चीनमधल्या चुंगकिंगच्या विद्यापीठात याच व्हॅम्पायरांवर व्याख्यान देतो. विद्यार्थी हसतात आणि उठून जातात. एकटा सी चिंग थांबतो, कारण ते गाव त्याच्या आजोबांचं आहे. सी चिंग, त्याचे सहा भाऊ, एक बहीण मेई क्वेई, प्रोफेसर, प्रोफेसरचा मुलगा आणि मोहिमेचा खर्च उचलणारी एक श्रीमंत युरोपियन विधवा असे सगळे गावाकडे निघतात.

चिनी माणसांची कामं चिनी नटांनीच केली आहेत. मग तक्रार कशाची?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे. या सिनेमाचं जे चांगलं आहे ते आधी सांगितलं पाहिजे. याच हॅमरने १९६१ मध्ये चिनी गुन्हेगारी टोळीवर एक सिनेमा काढला, तेव्हा त्या टोळीचा म्होरक्या झाला होता क्रिस्टोफर ली, डोळ्यांच्या कडा ओढून आणि रंग फासून. पुढे साठीच्या दशकात त्यानेच फू मांचू हा खलनायक पाच सिनेमांत रंगवला. त्यामानाने १९७४ चा हा सिनेमा कितीतरी पुढे आहे. डेव्हिड चियांग आणि शिह झू हे शॉ ब्रदर्सचे खरेखुरे तारे इथे नायक-नायिका आहेत. ड्रॅक्युला ज्या शरीरात राहतो तो काहसुद्धा चान शेन या चिनी नटाने केला आहे. बहुतेक वेळ ड्रॅक्युला एका चिनी चेहऱ्याने बोलतो, वावरतो. हे त्या काळात फारसं कोणी केलेलं नव्हतं.

पण डोकी मोजून झाली की दुसरी मोजणी सुरू करायला हवी. माहिती कोणाकडे आहे? निर्णय कोण घेतं? शेवटचा वार कोणाचा? चिनी गावातली चिनी दंतकथा चिनी विद्यार्थ्यांना समजावून सांगतो तो युरोपातून आलेला प्रोफेसर. आजोबांच्या गावचा मुलगा रस्ता दाखवतो, लढतो, जखमा झेलतो, पण शत्रूला मारायचं कसं हे त्याला बाहेरच्या माणसाकडून कळतं. आणि अगदी शेवटी काहच्या देहातून ड्रॅक्युलाला बाहेर यायला भाग पाडून त्याच्या छातीत भाला घालतो, तोही प्रोफेसरच.

त्यात भावांच्या ओळखीचा प्रसंग बघा. सी चिंग एकेकाची ओळख करून देतो ती हत्यारानं. एक धनुष्यवाला, एक कुऱ्हाडवाला, एक भालावाला, दोघे जुळे तलवारवाले. आपल्याकडे पाहुण्यांना भावाची ओळख करून देताना आपण म्हणतो, हा थोरला, हा बँकेत असतो, याचं अजून जमायचंय. त्या भावांना थोरला-धाकटाही नाही. गावाकडे निघालेली ही सख्खी भावंडं वाटेत आपसांत घरचं म्हणून काही बोलत नाहीत. मग त्यांतला एक पडला की आपल्याला कळतं ते एवढंच, की कुऱ्हाडवाला गेला. प्रेक्षकाला दुःख व्हावं एवढी त्यांची ओळखच करून दिलेली नाही.

“कोण मरतं ते बघा” असं चर्चेत कोणीतरी म्हणालं. त्याचा अर्थ काय?

सिनेमात दोन जोड्या जुळतात. सी चिंग आणि युरोपियन विधवा व्हॅनेसा ही एक. प्रोफेसरचा मुलगा लेलँड आणि मेई क्वेई ही दुसरी. चिनी पुरुष आणि गोरी बाई यांचं प्रेम त्या काळच्या इंग्रजी पडद्यावर दुर्मीळ होतं. इथे ते आहे, आदरानं आहे, दोघेही एकमेकांकडे बरोबरीच्या नजरेनं बघतात. आता पुढे बघा. व्हॅनेसाला व्हॅम्पायर चावतो, ती सी चिंगला चावते आणि तो तिला घेऊन टोकदार खुंटावर झेपावतो. दोघेही मरतात. दुसऱ्या जोडीतली मेई क्वेई पळवली जाते, लेलँड तिला सोडवतो, दोघेही वाचतात.

म्हणजे गोऱ्या मुलाला चिनी मुलगी मिळाली. चिनी मुलाला गोरी बाई मिळाली, पण जीव गमावून. दोन्ही जोड्या एकाच सिनेमात शेजारी ठेवल्यामुळे हा फरक फार ठळक दिसतो. मी हा सिनेमा आधी दोनदा पाहिला होता आणि माझ्या तो लक्षात आला नव्हता. ज्या मुलीच्या लक्षात आला, तिच्याबद्दल खाली लिहिलं आहे.

लेखकाने हे मुद्दाम केलं असेल का?

मला तसं वाटत नाही. पटकथा लिहिताना कोणीतरी मरायला हवं असतं आणि हात सवयीने जिकडे जायचा तिकडे जातो. सवय दाखवून द्यायला हेतू सिद्ध करावा लागत नाही.

त्या दिवशी मागच्या रांगेतून काहीतरी ओरडलं गेलं म्हणे. काय झालं होतं?

हो. भावांची ओळख होत असताना मागून कोणीतरी “चिंकी, चिंकी” म्हणालं आणि दोन-तीन जण हसले. दुसऱ्या रांगेत मूळची मणिपूरची एक विद्यार्थिनी बसली होती. पुण्यात शिकायला येऊन तिला चार वर्षं झाली आहेत, मराठी बरी बोलते. ती पिशवीतून पाण्याची बाटली काढत होती. चेन अर्धी उघडली होती, तशीच ठेवून तिने हात मांडीवर घेतले. मध्यंतरापर्यंत तिने पाणी प्यायलं नाही. मी तिच्या शेजारी होतो. उठून काही बोलायला हवं होतं, मी बोललो नाही.

चर्चेत ती एकदाच बोलली. म्हणाली, “मी मरणारे मोजत होते. आमच्यासारखे दिसणारे किती, आणि कोणासाठी.” वरचा जोड्यांचा मुद्दा तिचा आहे.

हे पान लिहिण्याचं निम्मं कारण ती अर्धी उघडी चेन आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये हल्ले होणार अशा अफवा पसरल्या तेव्हा ईशान्येकडची माणसं बंगळूर, पुणे अशा शहरांतून गाड्या भरभरून घरी परतली होती. स्टेशनवरची ती गर्दी ज्यांनी पाहिली, त्यांना ‘चिंकी’ हा चेष्टेतला शब्द वाटू शकत नाही. चेहरा पाहून माणसाला परदेशी ठरवायचं आणि पडद्यावर सगळे चिनी चेहरे सारखेच बघायचे, ही एकच सवय आहे. आता आम्ही खेळाच्या सुरुवातीला स्पष्ट सांगतो की असले शब्द इथे चालणार नाहीत. पुन्हा झालं तर दिवे लावून खेळ थांबवू.

हे सगळं गोऱ्यांनी केलं. आपल्या सिनेमाचा काय संबंध?

संबंध घरातलाच आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले, जखमींची सेवा करता करता डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्यावर १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ आला. काढला व्ही. शांतारामांनी, म्हणजे ज्यांच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात आज आपली फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्याच शांतारामांनी. कोटणीसांची भूमिका त्यांनी स्वतः केली आणि कोटणीसांच्या चिनी पत्नीची भूमिका जयश्रीबाईंनी. मराठी अभिनेत्री चिनी नर्स झाली. त्या सिनेमामागची कळकळ खरी होती, चीनबद्दलचा आदरही खरा होता. तरीही चिनी बाईच्या जागी आपलीच बाई उभी राहिली आणि आपल्याला त्यात वावगं दिसलं नाही.

ते जुनं म्हणून सोडून द्यावं, तर २०१४ मध्ये मेरी कोमच्या जीवनावर सिनेमा आला आणि मणिपूरची बॉक्सर झाली प्रियांका चोप्रा. कारण धंद्याचं आहे हे कळतं. मोठं नाव नसेल तर पैसे कोण लावणार? पण मोठं नाव व्हायची संधी मणिपूरच्या मुलीला कधी मिळणार, हेही त्याच वहीत लिहायला हवं. हॅमरकडे बोट दाखवताना मला म्हणूनच जरा अवघडल्यासारखं होतं. त्यांनी निदान डेव्हिड चियांगला घेतलं.

फायटिंग खरी आहे का? (हा प्रश्न कराटे शिकवणाऱ्या एका सरांचा)

बसवलेली आहे, पण बसवणारे खरे होते. मारामारीची रचना तांग चिया आणि लाऊ कार-लियुंग यांची. लाऊ कार-लियुंग हे लाऊ चाम यांचे चिरंजीव, लाऊ चाम शिकले लाम साय-विंग यांच्याकडे आणि लाम साय-विंग हे दक्षिण चीनचे विख्यात गुरू वोंग फेई-हुंग यांचे शिष्य. आपल्याकडे गाण्यात घराणं सांगतात ना, तशी ही सरळ परंपरा आहे. त्यामुळे माझं मत असं झालं आहे की या सिनेमातला खरा चीन संवादांत सापडत नाही, तो हातापायांत सापडतो. संवाद इंग्रज पटकथाकाराचे आहेत, पण पाऊल कसं रोवायचं, भाला कसा फिरवायचा, सात जणांनी एकमेकांच्या आड न येता कसं लढायचं, ही विद्या त्या मातीतली आहे आणि तिथे कोणा प्रोफेसरचं चालत नाही. प्रोफेसरचं काम करणारे, साठी गाठलेले पीटर कुशिंग मारामारीत धडपडताना दिसतात, तेव्हा पडद्यावरचं वजन आपोआप भावंडांकडे झुकतं. सर म्हणाले, “आवाज बंद करून बघितला तर वेगळाच सिनेमा आहे.” मी घरी तसा बघितला. सरांचं बरोबर आहे.

क्रॉस दाखवून भूत पळतं, इथे बुद्धाची मूर्ती का?

मला या सिनेमात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. युरोपातला व्हॅम्पायर क्रॉसला घाबरतो, चीनमधला बुद्धाला. सुरुवातीच्या गोष्टीत शेतकरी व्हॅम्पायरच्या गळ्यातलं सोन्याचं पदक पळवतो आणि रस्त्याकडेच्या छोट्या बुद्धाच्या देवळीत ठेवतो. ते घ्यायला आलेला व्हॅम्पायर हात लावतो आणि पेटतो. जिथलं भूत तिथलाच उतारा, ही समज आपल्या खेड्यापाड्यांत मुरलेली आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेला तिच्या मुलखात ताकद आहे, हे एका इंग्रज भयपटाने मान्य केलं. खलनायक पुजारी ताओपंथी, म्हणजे चीनच्या जुन्या ताओ धर्मपंथातला, दाखवला आहे हे मात्र खटकतं, कारण त्याला तोलून धरणारा एकही भला ताओपंथी सिनेमात नाही.

चिनी भुतं उड्या मारत चालतात असं ऐकलं होतं. ती हीच का?

त्यांना च्यांग-शी म्हणतात. ताठरलेलं प्रेत, हात पुढे, दोन्ही पाय जुळवून उड्या, कपाळावर मंत्राचा पिवळा कागद. इथले व्हॅम्पायर तसे नाहीत. ते मुखवटे घालतात, घोड्यावर बसतात. हाँगकाँगने स्वतःचं भूत स्वतःच्या पद्धतीनं रंगवलं ते १९८० च्या दशकात. १९८५ च्या ‘मिस्टर व्हॅम्पायर’ने त्याचं पीकच आणलं. त्यात भुताला आवरणारा ताओपंथी गुरू हाच नायक आहे. ज्याला १९७४ मध्ये खलनायक केलं, त्याला त्याच्या लोकांनी अकरा वर्षांत नायक केलं. दोन्ही सिनेमे एकापाठोपाठ बघा.

कुंग फू मुळात भारतातूनच गेलं ना?

बोधिधर्माची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. बोधिधर्म नावाचा भिक्षू ध्यानमार्ग घेऊन चीनला गेला ही परंपरा जुनी आहे, पण त्याने शाओलिनच्या मठात लढाईची विद्या शिकवली हा भाग सतराव्या शतकातल्या एका ग्रंथापासून जोडला गेला, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे मधे हजारेक वर्षांचं अंतर. चर्चेत एका काकांना हे आवडलं नाही. मला त्यांना एवढंच सांगायचं आहे की चिनी माणसाच्या हातातली विद्याही त्याची नाही असं म्हटलं, तर चीनमध्ये येऊन व्याख्यान देणाऱ्या त्या प्रोफेसरमध्ये आणि आपल्यात फरक उरत नाही.

१९०४ हेच साल का?

सिनेमा त्याचं कारण देत नाही. पण ते साल नुसतं ऐकून इतिहास शिकवलेल्या एका बाई खुर्चीत पुढे सरकून बसल्या. १८९९ ते १९०१ या काळात चीनमध्ये बॉक्सर बंड झालं. मुठी आणि तलवारीची विद्या शिकलेले गावोगावचे तरुण परक्यांविरुद्ध उठले. मंत्राच्या बळावर गोळी लागत नाही अशी त्यांची श्रद्धा होती. आठ देशांच्या फौजांनी ते बंड चिरडलं. ब्रिटिशांच्या बाजूने गेलेल्या सैन्यात हिंदुस्थानी पलटणी होत्या. चुंगकिंग तर १८९१ मध्येच परकी व्यापाराला खुलं झालेलं. अशा मुलखात, बंड मोडून जेमतेम तीन वर्षं होतात न होतात तोच, कुंग फू जाणणारे सात भाऊ एका गोऱ्या प्रोफेसरच्या मागे मरायला निघतात. त्यांच्यातला एकही जण एकदाही थबकत नाही. मला तो न थबकणारा भाऊ खटकतो. एक वाक्य पुरलं असतं.

मेई क्वेई लढते, म्हणजे स्त्रियांची बाजू बरी आहे ना?

अर्धीच. ती भावांच्या बरोबरीनं लढते, तिचे डाव स्वच्छ आहेत आणि कॅमेरा तिच्याकडे लढवय्यी म्हणूनच बघतो. शेवटी मात्र तीच पळवली जाते. बाकी चिनी बायकांचं काय? देवळातल्या ओट्यांवर अर्धनग्न बांधलेल्या गावच्या पोरी. त्यांना नावं नाहीत, संवाद नाहीत, फक्त किंकाळ्या आहेत. त्या दृश्यांचं समर्थन आम्ही करत नाही.

मुलांना आणलं तर चालेल का?

नको. कारण वर आलंच आहे.

असा सिनेमा पुण्यात काढायचा तर? (दोन विद्यार्थी खरंच काढत आहेत)

काढा. आपल्याकडे सगळं आहे. पेठांमधल्या तालमी आहेत, दांडपट्टा आणि लाठी फिरवणारे मर्दानी खेळवाले आहेत. भुतांचा राजा मानला जाणारा वेताळ तर टेकडीवर देऊळ थाटून बसला आहे. फक्त एक गोष्ट कागदावर मांडून घ्या. आपल्या भुतांना जात आणि धर्म असतो. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा, म्हणजे तो कोणाच्या घरचा हे ठरलेलंच. ब्रह्मसमंधाच्या नावातच जात आहे. खवीस हे मुसलमानाचं भूत असं सांगतात. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते. मुंजाची गोष्ट सांगताना आवाजात माया येते, खवीस म्हटलं की नुसती दहशत. हा फरक तुमच्या पटकथेत न विचारता शिरेल, जसा त्या दोन जोड्यांत शिरला.

दुसरं, मर्दानी खेळवाल्यांना नुसतं फायटिंगला बोलवू नका, पटकथा वाचायला बसवा. पट्टा कुठे चालतो आणि कुठे चालत नाही हे त्यांना कळतं. त्यांचं नाव श्रेयनामावलीत मोठं टाका. तिसरं, मांत्रिक दाखवणार असाल तर तो दरवेळी पाड्यावरचाच का, आणि त्याला हरवणारा शहरातून गेलेला शिकलेला मुलगाच का, हे एकमेकांना विचारा.

पुढच्या खेळाला काय आहे?

कोटणीसांवरचा १९४६ चा सिनेमा. निवड मणिपूरच्या त्याच विद्यार्थिनीची आहे आणि सुरुवातीची दहा मिनिटं ती बोलणार आहे, मराठीत. साडेपाचला दार उघडतं. मागच्या रांगेतल्या त्या तिघांपैकी एकाने परवा फोन करून विचारलं की आलं तर चालेल का. या म्हटलं, पुढे बसा.